छप्पर कशाला बांधलंय?

प्रश्न: पत्र्यांवर दगड, वाळूची पोती ठेवली तर वादळात छप्पर टिकेल ना?

उत्तर: पुन्हा तेच! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १५० किलो भरतो, आणि छपराच्या कडा-कोपऱ्यांना वारा याहूनही जोरात वर उचलतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम ४-५ किलो. दगड ठेवून ठेवून किती ठेवाल? शिवाय सुटा दगड वादळात कुणाच्या डोक्यात जाईल, सांगता येत नाही. छप्पर खालपर्यंत बांधलेलं हवं: पत्रा रिपेला (पत्र्याखालच्या आडव्या लाकडाला), रीप वाशाला (तिच्याखालच्या उतरत्या लाकडाला), वासा भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला आणि तो पट्टा खांबांतून पायाला. यातला एक सांधा नुसत्या खिळ्यावर असेल, तर बाकीच्यांचा खर्च पाण्यात, कारण वर ओढ बसली की सरळ खिळा निसटतो. वासा आणि भिंत जोडायला न गंजणारी लोखंडी पट्टी घ्या. पत्र्याला वॉशरसह स्क्रू किंवा हूक-बोल्ट, कडांना जास्त जवळजवळ. मातीच्या भिंतीत पट्टी कुठे अडकवायची, हे मात्र घर न पाहता कुणी सांगत असेल तर ऐकू नका. अभियंत्याला दाखवा.

प्रश्न: छप्पर चौपाखी (चारही बाजूंना उतार) की दुपाखी (दोनच बाजूंना)?

उत्तर: चौपाखी, उतार ३० अंशांच्या आसपास.

प्रश्न: खिडक्या उघड्या ठेवल्या की आतबाहेरचा दाब सारखा होतो म्हणतात.

उत्तर: म्हणणाऱ्यांना म्हणू दे. घट्ट बंद ठेवा. वारा आत शिरला की छपराला आतूनही ढकलतो, बाहेरून ओढ असतेच.

प्रश्न: दुकानदार ‘वादळरोधक’ जाड पत्रा सुचवतोय.

उत्तर: कोणत्या वेगाला आणि किती अंतरावरच्या स्क्रूंवर तपासलाय, ते लेखी मागा. तो गप्प बसला तर तेच पैसे पट्ट्या-बोल्टांवर घाला.

प्रश्न: घराचंच छप्पर पुढे ओढून पडवी काढलीय. चालेल?

उत्तर: नाही. पडवीचं छप्पर वेगळं ठेवा, म्हणजे ते उडालं तरी घराचं सोबत जात नाही. फेरबदल कसा करायचा, ते जागेवर विचारा.

प्रश्न: वस्तीत कुणाकडेच फार पैसे नाहीत. पुढच्या वर्षी केलं तर?

उत्तर: वादळ थांबणार आहे का? सगळ्यांनी मिळून एकच अभियंता बोलवा, आधी वासे-भिंतीचे सांधे आणि कडेचे पत्रे करून घ्या. इशारा आल्यावर छपरावर चढू नका. आणि पट्ट्या मारल्यात म्हणून घरात थांबूही नका. स्थलांतराची सूचना आली की निघायचं.