पाचशे रुपये मागता येतात का?

"ताई, नोकरी चांगली आहे, पण जीव रमत नाही. स्वतःचं काहीतरी करायचंय. घरचे ऐकत नाहीत. सोडू का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. बहुतेकदा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून, आणि अप्रेझलची पत्रं हातात पडली की जरा जास्तच. उत्तर म्हणून एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय 34, एक मुलगी, फ्लॅटचा हप्ता चालू. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी ऐकल्या ऐकल्या "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे" एवढंच म्हटलं आणि मुलाशी बोलणं टाकलं. बायको बोलत होती, पण फक्त मुलीच्या शाळेबद्दल. हा रात्री अकरा ते दोन लॅपटॉपवर. लॅपटॉपमध्ये चार अर्धवट प्रोजेक्ट आणि एक पुरं झालेलं: सोसायटीचा मेंटेनन्स, पावत्या, थकबाकी सांभाळणारं ॲप. त्याच्याच सोसायटीचे सेक्रेटरी काका ते आठ महिने वापरत होते. फुकट.

पहिल्या भेटीत तो राजीनाम्याचा मसुदा घेऊनच आला होता. मी तो वाचला नाही. म्हटलं, पुढच्या वेळी दोघं या, आणि खर्चाचा हिशेब आणा.

त्याने एक्सेलची शीट आणली. महिन्याचा खर्च 70,000, शिल्लक 9 लाख, म्हणजे वर्षभर चिंता नाही. बायकोने पर्समधून शंभर पानी वही काढली. तिच्यात स्कूलबस होती, गाडीचा विमा होता, गावच्या घराची पत्रे-दुरुस्ती, दिवाळी, सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या. तिचा आकडा 1,04,000. वर्षाचे पावणेनऊ महिने झाले. तो वहीकडे बघत राहिला. ती म्हणाली, "मी नको म्हणत नाहीये. मला कुणी विचारलंच नाही." त्या दिवशी माझं काम तिथेच अर्धं झालं होतं.

मग रुक्ष गोष्टी निघाल्या. त्या मी सगळ्यांनाच विचारते, कारण स्वप्न बघणारा माणूस त्या नेमक्या विसरतो. कंपनीत त्याला 4 वर्षं 2 महिने झाले होते. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. त्याचा मूळ पगार 60,000, म्हणजे दहा महिने थांबलं तर साधारण 1,73,000. आईचा मधुमेह कंपनीच्या गट विम्यात होता. नोकरी गेली की तो विमाही जातो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा राजीनाम्याआधीच विमा कंपनीला गाठ, म्हटलं. शिवाय नेमणुकीचा करार. मी वकील नाही, पण 'नोकरीच्या काळात केलेलं काम कंपनीचं' असं कलम मी इतक्यांच्या करारात पाहिलंय की आधी तो वकिलाला दाखवायला लावते. याच्या करारात लेखी परवानगीची अट निघाली. एचआरकडून ती मिळायला तीन आठवडे गेले, पण मिळाली.

आता खरी अडचण उरली होती. मी म्हटलं, "सेक्रेटरी काकांकडे महिन्याला पाचशे रुपये माग."

तो हसला. पुढच्या भेटीत काका गावाला गेले होते. त्याच्या पुढच्या भेटीत गणपती होते. त्यानंतर ॲपमध्ये एक बग होता, तो काढल्याशिवाय कसं मागणार? पाच आठवडे! महिन्याला लाख-दीड लाखाचा पगार सोडायला एका पायावर तयार असलेला माणूस पाचशे रुपये मागू शकत नव्हता.

मी विचारलं, "काका नाही म्हणाले तर काय होईल?" बराच वेळ तो पेनचं टोपण उघडत-लावत बसला. "मग ते कुणाला नकोच आहे असं होईल ना. आणि मग मी नुसताच कंटाळलेला इंजिनिअर उरतो."

हे वाक्य मला राजीनाम्याच्या मसुद्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. नोकरी सोडणं त्याला सोपं वाटत होतं, कारण त्यात फक्त जायचं असतं. मागण्यात उभं राहावं लागतं. मी हे त्याला तेव्हा बोलले नाही. नुसतं तारीख ठरवून घेतली: रविवार, सकाळी दहा, सोसायटीचं ऑफिस. (समुपदेशकाने असं ढकलू नये म्हणतात. कधी कधी मी ढकलते.)

काका "पाचशे?" म्हणाले, मग "थकबाकीचा मेसेज मराठीत जाईल का?" आणि मग खिशातून पाचशेची नोट काढली. कमिटीची मंजुरी नंतर घेऊ म्हणाले. ती नोट तो मला दाखवायला घेऊन आला होता.

याला आता वर्ष झालं. अकरा सोसायट्या आहेत, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. यावर घर चालत नाही, हे त्याला वहीमुळे ठाऊक आहे. पाच वर्षं पुरी झाली, राजीनामा दिलेला नाही. देईल की नाही, मी विचारलेलं नाही. रात्रीचं जागरण मात्र थांबलंय. काम शनिवार सकाळवर आलंय. वडिलांनी गावाकडच्या पतसंस्थेत कुणाला असलं काही हवंय का, याची चौकशी केली म्हणे, मुलाला न सांगता.

परवा बायकोचा फोन आला. "ताई, आता दर शनिवारी हा कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या ऑफिसात. याचं काय करू?"

म्हटलं, दोघं या. वही घेऊन या.