दिवाळीनंतर नेक चिकटव

बेटा,

तुझं पत्र आणि तू बनवतोयस त्या इलेक्ट्रिक गिटारचे फोटो मिळाले. बॉडीचा आकार सुरेख उतरला आहे, राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, गोल केलेल्या कडाही स्वच्छ आहेत. पण सगळे फोटो बॉडीचेच आहेत, आणि मला लिहायचंय ते नेकबद्दल, म्हणजे ज्यावर तारा दाबून वाजवतात त्या दांड्याबद्दल. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी थोडं उणंअधिक खपवून घेते, नेक घेत नाही. १०-४६ चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) प्रमाण सुरात लावला की सहा तारा मिळून ४५ किलोच्या वर ओढतात, आणि ही ओढ जेमतेम २०-२२ मिलिमीटर जाडीच्या लाकडावर रात्रंदिवस असते. आत ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी धातूची सळई, असला तरी लाकूडच मुरलेलं नसेल तर तो किती सावरणार?

तू सागवान घ्यायचं म्हणतोस. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचं नाव मोठंच आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ते बल्लारपूरहून गेलं. नेकसाठी जरूर घे. पुढच्या बॉडीला मात्र मी शिवणीचं लाकूड वापरायला सांगेन. ती हलकी असते, वाकत-पिळत नाही, आणि ४५ मिलिमीटर जाडीची बॉडी तीन तास खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्या वादकाला हा फरक लगेच कळतो. नेकची फळी निवडताना टोकाकडून बघ. लाकडाच्या रेषा फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवर चिकटवायच्या बोटांच्या पट्टीला, काटकोनात उभ्या यायला हव्यात. पडलेल्या वाड्याची जुनी चौकट मिळाली तर सोडू नकोस, तिच्याइतकं वाळलेलं लाकूड आरा मशीनवर मिळत नाही. फक्त आधी चुंबक फिरवून खिळे शोध. नवीन घेशील तर पावती आणि वाहतूक परवान्याशिवाय एक फळीही घरी आणू नकोस. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवायच्या तोंडावर ती बाजू ॲसिटोनने पूस.

आता मुख्य गोष्ट. पुस्तकं आणि व्हिडिओ ज्या देशांतून येतात तिथली हवा आपली नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवेत ओल म्हणून उरत नाही. जुलैत त्याच घरात बरणीतलं मीठ पाझरतं. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. म्हणून श्रावणात बसवलेला फ्रेटबोर्ड उन्हाळ्यात अरुंद होतो, त्यातले फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, तेवढेच राहतात, आणि त्यांची टोकं बाहेर येऊन वादकाचा हात ओरबाडतात. फळ्या कच्च्या मापात कापून एक पावसाळा आणि एक उन्हाळा तशाच राहू दे. दर पंधरा दिवसांनी वजन करून फळीवरच पेन्सिलीने तारीख टाकून लिही. वजन हलायचं थांबलं की फळी कामाला तयार झाली. नेक चिकटवणं आणि फ्रेट बसवणं दिवाळी ते होळी या काळातच कर. आणि हो, ज्या खोलीत नेक टांगलेत तिथे पाण्याचा कूलर लावू नकोस. उकडेल, पण कूलर दिवसा ओल भरतो आणि रात्री बंद झाला की खोली पुन्हा कोरडी पडते. एका दिवसात दोन ऋतू लाकडाला सोसत नाहीत.

फ्रेटचं गणित सोपं आहे. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तारेची लांबी. ६४८ मिलिमीटरच्या स्केलला १७.८१७ ने भाग, पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ वर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भाग, असं करत बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. मापं मात्र प्रत्येक वेळी नटपासूनच घे. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेलास तर केसाएवढी चूक साठत साठत वरच्या सुरांत ऐकू येईल. शिसमाचा फ्रेटबोर्ड घासताना मास्क लाव, त्या भुकटीने काहींच्या अंगावर पुरळ उठतं. परदेशातून मागणी आलीच तर पाठवण्याआधी शिसमाचे निर्यातीचे नियम बघ.

पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारी कॉइल, स्वतः गुंडाळायची घाई नको. ०.०६३ मिलिमीटरची तार, एका कॉइलला आठेक हजार वेढे. हात बसायला वेळ लागतो. गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे इतकी बारीक तार नसते, पण इनॅमल न खरवडता तार कशी ओढायची ते त्याच्याकडे बसून शीक. तोवर विकतचं हंबकर पिकअप लाव. उलट-सुलट जोडलेल्या दोन कॉइलमुळे विजेच्या ५० हर्ट्झची घुंई त्यात मरते.

घुंईपेक्षाही मला काळजी आहे ती अर्थिंगची. गिटारच्या तारा ब्रिजमधून, जॅकमधून ॲम्पच्या प्लगमधल्या तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनेला जोडलेल्या असतात. गावात कित्येक घरांत ती पिन नुसती भोकात बसते, मागे वायरच नसते. ॲम्पमध्ये बिघाड झाला, हात तारांवर असला आणि ओठ दुसऱ्या लाइनवरच्या माइकला लागले, तर जीव जाऊ शकतो. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा करून घे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसव. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तेव्हा त्या खड्ड्यात पाणी ओतत जा, कोरड्या मातीत अर्थिंग काम करत नाही. गिटार देताना गिऱ्हाइकालाही हे समोर बसवून सांग. एप्रिलमध्ये भीमगीतांच्या कार्यक्रमांना जनरेटरवर वाजवणाऱ्या पोरांना तर नक्कीच.

लॅकर पावसाळ्यात मारू नकोस, पांढुरकी झाक धरते. मागणी घेताना लाकूड आणि सामानाचे पैसे आधी घे, आणि तारीख देताना पावसाळा मोकळा सोड. जो गिऱ्हाईक थांबायला तयार नाही त्याला दुकानातली गिटार घ्यायला सांग, त्यात त्याचंही भलं आहे.

पुढच्या पत्रात फळ्यांची वजनं तारखांसकट पाठव, आणि घरच्या अर्थिंगचं काय झालं तेही लिही. बाबांना नमस्कार सांग.

तुझा काका