तुळईच्या वर्तुळांवरून घराचं साल कळेल का?

राजापूरकडच्या आजोळच्या घराची दुरुस्ती निघालीय, तुळईचा तुकडा कापून वर्तुळं मोजली तर घर किती सालचं ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसतं मोजून नाही कळणार. करवत लावायच्या आधी तुळई कशाची आहे ते सुताराला विचारा.

फणसाची असेल तर नाद सोडा. फणस, आंबा बारमाही हिरवे, त्यांच्या वर्तुळांचा भरवसा नाही. (माड-पोफळीला तर वर्तुळंच नसतात. पोफळीच्या अंगावर दिसतात ते गळलेल्या झावळांचे वण, वर्षं नव्हेत.) साग मात्र उन्हाळ्यात पानं झाडतो, वाढ थांबते, आणि नवी पालवी फुटली की मोठ्या छिद्रांची फिकट रेघ पडते. म्हणून तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जुन्या पावसाच्या अभ्यासाला सागाची वर्तुळं वापरतात.

२०२० च्या निसर्ग वादळात आमच्या परड्यातला साग पडला. वडिलांनी १९७८ च्या पावसात लावलेला, म्हणजे ४२ पावसाळे. बुंध्याला पॉलिश पेपर मारला, भिंग घेऊन बसलो. एका बाजूने ४१ भरली, उताराकडच्या बाजूने ३८! त्या अंगाला काही वर्तुळं एकमेकांत मिसळली होती. उरलेलं एक वर्ष म्हणे रोप करवतीच्या उंचीपर्यंत पोचेस्तोवर गेलं. लावल्याचं साल ठाऊक असूनही ही गत.

म्हणून जाणकार मोजत नाहीत, जुळवतात. रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम त्या मुलखातल्या एका जातीच्या झाडांत साधारण सारखा असतो. जिवंत झाडापासून मागे मागे जात, जुन्या वाशांशी तो क्रम सांधायचा. अमेरिकेत डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने हे बसवलं. ॲरिझोनातल्या जुन्या वस्त्यांच्या तुळयांचा क्रम त्याच्याकडे होता, पण आजच्या झाडांशी जुळेना. १९२९ मध्ये शो लो गावी एक जळकं लाकूड सापडलं आणि मधली फट बुजली.

कोकणात आणखी एक गोची आहे. झाडाला पाण्याची ओढ बसली तर वर्तुळ अरुंद होतं. आपल्याकडे आभाळच फाटतं, मग बहुतेक वर्तुळं सारखीच, जुळवायचं कशावर?

आणि समजा जुळलंच, तरी लाकडावर झाडाची साल शिल्लक असेल तरच झाड तोडल्याचं नेमकं वर्ष कळतं. सुतार तुळई चौरस करताना साल आणि खालचं पांढरं लाकूड तासून टाकतो, त्यासोबत शेवटची किती वर्षं गेली ते सांगता येत नाही. शिवाय पडक्या घराची तुळई नव्या घराला चढवणं आपल्याकडे नवीन नाही.

तेव्हा तुळईला हात लावू नका. माळ्यावर चढून वाशांची वरची, कौलांकडची बाजू बघा. तिथे सुतार फारसा तासत नाही, कुठे साल चिकटलेली असली तर त्या वाशाचा फोटो इथे टाका. आणि कौलं काढलीच आहेत तर एखादं उलटं करून बघा, मंगलोरी असेल तर कारखान्याचा छाप असतो, कधीकधी सालासकट.