धावणाऱ्यांचे प्रश्न : किलोमीटरची यादी आणि गप्प झालेली मैत्रीण

प्रश्न : फोंड्यात आमचा धावणाऱ्यांचा क्लब आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी आमच्यातले काहीजण पूर्ण ४२ किलोमीटरची तयारी करताहेत. चतुर्थी झाल्यावर सराव सुरू केला. दर रविवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण आठवड्यात किती धावलं याची यादी टाकतो आणि पहिल्या तिघांच्या नावापुढे पदक लावतो. त्याने सगळ्यांना जोर चढला. पण यादीत कायम वर असणारी एक सभासद फार वाळली आहे. नडगी दुखते म्हणते, तरी थांबत नाही. पूर्वी सगळ्यांत बोलकी होती, आता धावणं संपलं की स्कूटर काढून निघून जाते. शिवाय गेल्या रविवारी २६ किलोमीटर संपवून फर्मागुडीला परतल्यावर एकाला चक्कर आली, उलटी झाली. आम्ही त्याला बाटलीवर बाटली पाणी पाजलं. तो सावरला, पण क्लबची जबाबदारी माझ्यावर असल्याने धास्ती बसली आहे. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ती यादी आजच बंद करा. पुढच्या रविवारची वाट बघू नका.

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या धावपटूंत अशा यादीत वर राहण्यासाठी दुखणं लपवणारे बरेच असतात. दम सहा-आठ आठवड्यांत वाढतो, हाडं मात्र इतक्या लवकर तयार होत नाहीत. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. या मधल्या काळात ते हाड कमकुवत असतं. नेमकं तेव्हाच यादीतल्या पहिल्या नंबरासाठी किलोमीटर वाढवत नेले की बारीक चीर पडते.

तुमच्या मैत्रिणीची नडगी अशी तपासा. तिला बसवून गुडघ्याखालून घोट्यापर्यंत हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू दाबत न्यायला सांगा. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात सगळीकडे ठणका असेल, तर बहुधा हाडालगतची सूज आहे. धावणं कमी केलं की उतरते. पण अंगठा एकाच जागी आला आणि ती कळवळली, त्या पायावर उडी मारताना दुखलं किंवा रात्री झोपेतही ठणकलं, तर धावणं त्याच दिवशी थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत धावायला लागू नका.

मला नडगीपेक्षा तिच्या वाळण्याची आणि गप्प होण्याची काळजी जास्त वाटते. धावण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नसेल, तर शरीर एकेक काम बंद करत जातं. पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, मन चिडचिडं किंवा सुन्न होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती पुरुषांतही होते हे स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे यात उपवासांची भर पडते. सोमवार, एकादशी, वर रविवारचा लांब पल्ला, आणि घरी सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते जेवण. तीन महिने पाळी आली नसेल, तर ‘धावतेय म्हणून असेल’ असं म्हणून सोडू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं.

हे ग्रुपवर विचारू नका, तुम्हीही विचारू नका. तिच्या जवळच्या एखाद्या बाईने, धावण्याच्या वेळेत नव्हे, निवांत चहाला बसून विचारावं. सुरुवात वजनापासून करू नये. “हल्ली तू लगेच जातेस, बरं आहे ना सगळं?” एवढं पुरे. कदाचित घरी काही बिनसलं असेल आणि धावणं हीच तिची मोकळी जागा असेल. तसं असेल तर धावू नकोस म्हणताना क्लबात येऊ नकोस असा अर्थ निघता कामा नये. पाय बरा होईपर्यंत पाण्याच्या टेबलावर, वेळ नोंदवायला तिला बोलवा. मनावरचा भार फारच वाटला, तर १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन आहे.

आता त्या चक्कर आलेल्या गड्याबद्दल. बाटलीवर बाटली पाणी पाजलंत, हे यापुढे करू नका. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. त्यात नुसतं पाणी भरत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, मेंदूला सूज येते. चक्कर, उलटी, बरळणं ही त्याचीही लक्षणं आहेत. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना हा धोका सर्वांत जास्त होता. म्हणून लांब पल्ल्याच्या आधी आणि नंतर प्रत्येकाचं वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल, तर तो गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायला आहे. तहान लागेल तसं प्यावं, ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावं, आणि परतल्यावर उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, लोणच्याच्या फोडीसोबत घ्यावी. क्लबातच एक टोप भरून पेज ठेवलीत तर फारच छान, त्या निमित्ताने माणसं थांबतात, बोलतात.

कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तोंडाने काही देऊ नका, लगेच १०८ ला फोन करा. अंगही तापलेलं असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर सतत गार पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत लावा. उष्माघातात आधी अंग थंड करायचं असतं, इस्पितळात नेणं त्यानंतर.

आपल्या हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. थंड देशातल्या तक्त्यांतला वेग फोंड्यात ठेवायला जाऊ नका. लांब पल्ल्यात शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करा, शर्यतीआधीचे तीन आठवडे उतरत न्या. फर्मागुडीचा चढ आहेच. मुंबईत थकलेल्या पायांनी पेडर रोड चढताना तो कामी येईल. जत्रांचे दिवस आहेत, रात्रभर नाटक बघून पहाटे थेट धावायला आलेल्याला प्रेमाने घरी झोपायला पाठवा.

आणि यादीच्या जागी एकच काम सुरू करा. रविवारी जो आला नाही, त्याला दुपारपर्यंत कोणीतरी फोन करायचा. अंतराची चौकशी न करता, नुसता फोन.

प्रश्न : २१ किलोमीटरच्या शर्यतीआधी गुडघा दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळी घेतलेली चालेल का? वय ५२.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. धावताना घाम जाऊन मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या तो आणखी कमी करतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. गोळीशिवाय २१ किलोमीटर होत नसतील, तर यंदा १० धावा आणि गुडघा तपासून घ्या. आतापर्यंत गोळी घेऊन धावत असाल आणि नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा फारच कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.