वाचकांचे प्रश्न : बिल्बोच्या घरचा सीड-केक

प्रश्न : ताई नमस्कार, पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचा बारावा वाढदिवस आहे आणि ती सध्या 'द हॉबिट' या इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकात पार बुडालीय, तिसऱ्यांदा वाचतेय. तिला केक हवाय तो त्यातल्या नायकाच्या, बिल्बोच्या घरचा, तो सीड-केक. मागच्या रविवारी मी ट्रायल केली. सीड म्हणजे नेमकं कुठलं बी हे कळेना म्हणून खसखस आणि तीळ दोन्ही घातले, बटर-साखर छान फेटलं होतं पण अंडी घातल्यावर मिश्रण एकदम फाटल्यासारखं झालं, तरी तसंच भाजलं. वरून करपला, मधे कच्चा, आणि मुलगी एक घास खाऊन म्हणाली आई छान आहे पण हा तो नाहीये. आता असं वाटतंय की सरळ नेहमीचा चॉकलेट केक करावा आणि वर बिल्बोच्या घराचं हिरवं गोल दार फॉन्डंटचं (साखरेच्या मऊ लगद्याचं) करून लावावं. काय करू?

उत्तर : फॉन्डंटचं दार नका करू. 'हा तो नाहीये' असं तुमची मुलगी म्हणाली ना, मला ते वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. तिला केकवर गोष्टीचं चित्र नकोय, गोष्टीतला केक खायचाय, आणि तो तुम्ही घरी नक्की करू शकता कारण मुळात तो अगदी साधा घरगुती केक आहे.

आधी पुस्तकात काय आहे ते बघू. १९३७ साली आलेल्या या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात बिनबोलावलेले ड्वार्फ (गोष्टीतले दाढीवाले बुटके) एकामागून एक बिल्बोच्या घरात शिरतात, तेव्हा त्यांच्यातला बालिन बिअर मागतो आणि असला तर सीड-केकही दे म्हणतो. बिल्बोने त्याच दुपारी दोन सुंदर गोल सीड-केक भाजून ठेवलेले असतात, रात्रीच्या जेवणानंतर स्वतःला खायला म्हणून! आणि ते त्याला पाहुण्यांना द्यावे लागतात. म्हणजे केक गोल आहे, घरी भाजलेला आहे, आणि त्यावर क्रीम, आयसिंग असलं काही असल्याचा उल्लेख नाही. बी कुठलं ते लेखकाने लिहिलेलं नाही कारण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये सांगायची गरजच नव्हती, सीड-केक म्हटलं की कॅरवे. १८६१ च्या मिसेस बीटनच्या गाजलेल्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकात सीड-केकची कृती आहे तीही कॅरवेचीच.

तर खसखस, तीळ बाजूला ठेवा. कॅरवेला आपण शहाजिरं म्हणतो पण त्याच नावाने काळं, बारीक, वेगळंच जिरंही विकलं जातं, त्यामुळे पाकिटावर कॅरवे लिहिलंय का बघा आणि दोन दाणे चावून बघा. थोडा शेपूसारखा, गोडसर आणि गार वास आला तर बरोबर (शेपूत आणि कॅरवेत कारव्होन हे एकच सुगंधी द्रव्य असतं), आणि फोडणीचा वास आला तर ते जिरं, ते नको.

प्रमाण असं घ्या. बटर १७५ ग्रॅम, बारीक दाण्याची साखर १७५ ग्रॅम, अंडी ३, मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, बदामाची पूड ५० ग्रॅम, दूध २-३ मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि कॅरवे २ छोटे चमचे. मोठ्यांसाठी असता तर मी ३ सांगितले असते. कोणाला बदामाची ॲलर्जी असेल तर पूड गाळा आणि तेवढाच मैदा वाढवा. कॅरवे कुटू नका, अख्खेच घाला, दाताखाली मधेच एखादा दाणा येतो त्यातच या केकची मजा आहे.

आता मिश्रण का फाटलं ते. माझा अंदाज, अंडी फ्रीजमधून काढून थेट घातली आणि तीही पटापट. बटरमध्ये स्निग्ध पदार्थ आणि अंड्यात भरपूर पाणी, ही दोन हळूहळू मिसळली तरच एकजीव होतात. थंड अंडं पडलं की बटर आखडतं, पाणी वेगळं सुटतं, दूध नासल्यासारखे कण दिसतात आणि इतका वेळ फेटून आत भरलेली हवा बरीचशी निघून जाते. म्हणून अंडी आणि बटर तासभर आधी बाहेर काढा. बटरवर बोट दाबलं की खड्डा पडावा पण बोट आत बुडू नये, इतकंच मऊ. साखरेबरोबर ५ मिनिटं तरी फेटा, पिवळा रंग पांढरट झाला पाहिजे. मग अंडी वेगळी फेटून एकेक चमचा घाला, पहिला पूर्ण मिसळल्याशिवाय दुसरा नाही, कंटाळा येतो पण इथे घाई करू नका. तरीही फाटायला लागलंच तर चाळलेल्या मैद्यातला एक चमचा घाला आणि फेटा, बहुतेक वेळा लगेच सावरतं. शेवटी उरलेला मैदा, बदाम, कॅरवे पळीने हलक्या हाताने मिसळा, आता फेटायचं नाही. पळीतून बॅटर आपोआप धो धो ओघळू नये, पळी झटकल्यावर पडावं, तेवढंच दूध घाला.

वरून करपून मधे कच्चा राहिला म्हणजे ओव्हन जास्त तापला होता किंवा टिन वरच्या जाळीवर होतं. १८ सेंटिमीटरचं गोल टिन, तळाला आणि कडांना बटर पेपर, मधली जाळी आणि १७० अंश, पंख्याचा ओव्हन असेल तर १५०. तासभर लागतो, ५० मिनिटांनी काडी घालून बघा, त्याआधी दार उघडू नका. वरचा रंग लवकर गडद व्हायला लागला तर ५० मिनिटांनंतर वर कागद ठेवा. मधोमध चीर पडली तर काळजी नको, या केकला ती छानच दिसते.

आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी भाजा, पूर्ण गार झाला की डब्यात बंद करा. कॅरवेचा वास दुसऱ्या दिवशी केकभर मुरतो. शक्य असेल तर दोन करा, बिल्बोनेही दोनच केले होते आणि मुलीच्या ते लगेच लक्षात येईल!

प्रश्न : त्याच पुस्तकात बिऑर्न या पात्राकडचे मध घातलेले, दोनदा भाजलेले केक आहेत, प्रवासाचे. ते करता येतील का?

उत्तर : येतील की. दोनदा भाजायचं कारण म्हणजे ओलावा काढून टाकणं, म्हणून ते टिकतात आणि म्हणूनच खाल्ल्यावर तहान लागते, पुस्तकातही तसंच लिहिलंय. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थही दोनदा भाजलेलं असाच आहे. कणकेत मध, थोडं बटर, एक अंडं आणि चिमूटभर सोडा घालून घट्ट गोळा मळा, लांबट वळकटी करून १६० अंशावर २५-३० मिनिटं भाजा, १० मिनिटं निवू द्या, मग बोटभर जाड काप करून १४० वर दोन्ही बाजूंनी १०-१० मिनिटं. मध साखरेपेक्षा लवकर लाल होतो त्यामुळे आच कमीच ठेवा आणि शेवटची ५ मिनिटं ओव्हनपासून हलू नका. काप गरम असताना मऊ लागतील, गार झाल्यावर कडक होतात, म्हणून मऊ लागले तरी वेळ वाढवू नका. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मात्र हे देऊ नका, मध भाजलेला असला तरी नको.