मंकचं हत्यार बघा, ठोसे नंतर

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की डायाब्लो ३ मध्ये मंक घेऊन लेव्हल ७० पर्यंत जायला सगळ्यात जास्त मजा येते, आणि त्यावर एवढे मेल आले की विचारू नका, बहुतेकांचा सूर एकच, "कसली मजा, आमचा मंक रडतोय." म्हणून या वेळी पूर्ण पान मंकचं. ज्यांनी गेम खेळलाच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लिझार्डचा २०१२ चा गेम, वरून खाली बघत राक्षस झोडायचे, २०१४ ला रीपर ऑफ सोल्स आलं तेव्हा लेव्हलची मर्यादा ६० वरून ७० झाली. मंक म्हणजे इव्गोरोद नावाच्या देशातला टक्कल केलेला लढवय्या साधू, तिकडे १००१ देव मानतात म्हणे (आपल्या ३३ कोटींपुढे किरकोळच, पण असो). आता प्रश्न.

"दादा, माझा मंक ३४ ला अडकलाय. मी मास्टर डिफिकल्टीवर खेळतो कारण तिथे एक्सपी जास्त मिळतो असं सगळे सांगतात. पण एकेक राक्षस मरायला इतका वेळ लागतो की कंटाळा येतो. बिल्ड बदलू का? स्क्रीनशॉट जोडलाय." (नाशिक)

बिल्डला, म्हणजे स्किलांच्या निवडीला, हात लावू नकोस भावा, आधी मास्टरवरून खाली उतर (डिफिकल्टीच्या पायऱ्या खालून वर अशा: नॉर्मल, हार्ड, एक्स्पर्ट, मास्टर, मग टॉर्मेंट). सगळे सांगतात ते खोटं नाहीये पण अर्धंच सांगतात. मास्टरवर नॉर्मलपेक्षा २०० टक्के जास्त एक्सपी (राक्षस मारल्याचे अनुभवाचे गुण, त्यानेच लेव्हल वाढते) मिळतो, म्हणजे तिप्पट, बरोबर. पण राक्षसाचं रक्त, म्हणजे मरेपर्यंत मार सोसायची ताकद, नॉर्मलच्या किती होतं? ५१२ टक्के, म्हणजे पाचपटीहून जास्त! तू तिप्पट पगारासाठी पाचपट राबतोयस. म्हणजे बघ, नॉर्मलवर एक राक्षस मारला की १०० मिळतात असं धर, मास्टरवर तसाच एक मारला की ३००, पण त्या एकाला जेवढे ठोसे लागले तेवढ्यात नॉर्मलवर पाच मेले असते आणि ५०० खिशात आले असते. हार्डवर रक्त दुप्पट आणि एक्सपी पावणेदोन पट, म्हणजे जवळजवळ सारखंच पडतं. एक्स्पर्टला रक्त ३२० टक्के आणि एक्सपी दुप्पट, तिथेच घाटा सुरू होतो. आणि टॉर्मेंट एकला एक्सपी चौपट, रक्त आठपटीच्या वर.

मग लोक वर का खेळतात? कारण त्यांचा राक्षस एका ठोशात मरतोय. ज्याच्या ठोशात गरजेपेक्षा दहापट जोर आहे त्याचा नऊपट जोर नॉर्मलवर वायाच जातो, त्याने खुशाल वर जावं, त्याला तिप्पट एक्सपी फुकटात पडतोय. तुझं तसं नाहीये. माझा हिशोब एवढाच की साधे राक्षस एका-दोन ठोशांत गेले पाहिजेत आणि निळे-पिवळे एलिट (जास्त दणकट राक्षस) आले की मारता मारता मोबाईलकडे हात जाता कामा नये, गेला तर डिफिकल्टी एक पायरी खाली. खाली आणायला गेममधून बाहेर पडावं लागत नाही, मेनूतनंच होतं, चढवायची असेल तरच नवीन गेम काढावा लागतो. म्हणून सुरुवात थोडी वरच्या पायरीने केली तरी चालतं, त्रास झाला की उतरायचं.

आता तुझा स्क्रीनशॉट. मी बघितला आणि दोन मिनिटं गप्प बसलो. मंकची लेव्हल ३४, आणि हातातली लेजेंडरी (सगळ्यात दुर्मिळ दर्जाची) तलवार १९ व्या लेव्हलची! नारिंगी रंगाची आहे, दिसायला भारी आहे, तुला सोडवत नाहीये, कळतंय मला. पण या गेममध्ये प्रत्येक स्किलचा डॅमेज हा हत्यारावर लिहिलेल्या डॅमेजच्या टक्क्यात मोजतात. मंकच्या बाबतीत हे चटकन लक्षातच येत नाही, कारण तलवार दिली तरी हा गडी ती कमरेला लटकवून ठेवतो आणि हातानेच मारतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की ताकद ठोशाची आहे. नाही रे. ठोसा हाताचा, जोर कमरेच्या तलवारीचा. १९ ची तलवार म्हणजे तू अजून १९ व्या लेव्हलच्या जोरानेच मारतोयस आणि समोरचे राक्षस मात्र तुझ्याबरोबर वाढत ३४ चे झालेत.

तर करायचं काय, दर आठ-दहा लेव्हलला हत्यार बदललंच पाहिजे, मग ते साधं पिवळं (लेजेंडरीच्या खालच्या दर्जाचं) का असेना. काही पडलंच नाही तर गावात हेड्रिग लोहार बसलाय, त्याच्याकडून बनवून घे, तो अकाउंटवर एकदा वाढवला की सगळ्या कॅरेक्टरना कामी येतो. ब्लड शार्ड्स (गेममधलं एक चलन) साठले असतील तर काडाला नावाच्या विक्रेतीकडे ७५ देऊन एक हत्यार मिळतं, निव्वळ जुगार आहे पण लहान लेव्हलला बरेचदा लागतो. हत्याराला खाच असेल तर त्यात लाल रुबी बसव, रुबी हत्याराचा डॅमेजच वाढवतो. दुसरा रुबी हेल्मेटमध्ये, तिथे तो एक्सपी वाढवतो. एकच रुबी असेल तर? आधी हत्यारात. मारणं पटापट झालं की एक्सपी आपोआप येतो. आणि हो, ती लेजेंडरी विकू नकोस, पेटीत ठेव, पुढे काही लेजेंडरींची खास पॉवर कनाईचा क्यूब नावाच्या जादूच्या ठोकळ्यात काढून घेता येते.

"मी स्पिरिट बॉससाठी राखून ठेवतो, त्यामुळे बार कायम फुल्ल असतो. तरी मित्र म्हणतो मी चुकीचं खेळतो. बरोबर कोण?" (पुणे)

मित्र बरोबर. पाहुण्यांसाठी फराळाचा डबा वर ठेवून द्यायचा आणि शेवटी चकल्यांना वास लागला की टाकून द्यायच्या, तसलं चाललंय तुझं. मंकचं स्पिरिट, म्हणजे मोठी स्किलं वापरायला लागणारी शक्ती, आपोआप भरत नाही, ठोसे मारले की भरतं. बार २५० ला टेकला की पुढच्या प्रत्येक ठोशाचं स्पिरिट हवेत जातं. म्हणजे तू राखत नाहीयेस, सांडतोयस.

लेव्हल वाढवताना माझी पद्धत सांगतो, ही काही सर्वात भारी बिल्ड वगैरे नाही, पण हात दुखत नाहीत. ठोशासाठी फिस्ट्स ऑफ थंडर, आणि थंडरक्लॅप रून (स्किलचा वेगळा प्रकार) उघडला की लगेच तो, कारण त्याने मंक थेट राक्षसाच्या पुढ्यात जाऊन उगवतो, चालण्याचा वेळ वाचतो आणि प्रत्येक ठोशाला आजूबाजूच्यांनाही वीज लागते. मग सायक्लोन स्ट्राइक, त्याने लांबचे सगळे ओढून एका जागी गोळा होतात. गोळा झाले की वेव्ह ऑफ लाइट, म्हणजे ती भली मोठी घंटा! देवळात लहान पोराला उचलून घंटा वाजवायला लावतात ना, तसा आनंद आहे तो, एका टोल्यात पूर्ण घोळका साफ. स्वीपिंग विंड मिळालं की तेही घ्यायचं, अंगाभोवती वावटळ फिरत राहते, फक्त काही सेकंद कुणाला मारलं नाही की ती विरते आणि परत चालू करायला ७५ स्पिरिट, त्यामुळे मारत मारत पुढच्या घोळक्यापर्यंत पोचायचं, मध्ये थांबून जमिनीवरचे राखाडी-पांढरे कपडे निवडत बसायचं नाही. मंत्र म्हणशील तर कन्व्हिक्शन, त्याने समोरच्यांना सगळ्यांचाच मार जास्त लागतो.

आता मला खात्री आहे की तू म्हणशील, स्किलच्या यादीत एकाच रकान्यातली दोन स्किलं एकत्र घेताच येत नाहीत. ऑप्शन्समध्ये जाऊन गेमप्लेमध्ये इलेक्टिव्ह मोड चालू कर, मग कुठलंही स्किल कुठल्याही बटणावर बसतं. गेम हे धड सांगत नाही आणि लोक कित्येक महिने त्याशिवाय खेळतात, मीही खेळलोय, सांगायला लाज वाटते पण खेळलोय. स्किल बदलायला पैसे पडत नाहीत, वाट्टेल तेवढे प्रयोग कर.

"माझा चुलतभाऊ मला टॉर्मेंटमध्ये घेऊन गेला, मी दाराशी उभा राहिलो आणि एका संध्याकाळीत ७० झालो. आता एकटा खेळतो तर काहीच जमत नाही. परत पहिल्यापासून करू?" (कल्याण)

परत कशाला. फुकटात मिळालंय ते ठेव. पण तुला मंक खेळताच येत नाही ही अडचण आहे आणि ती ७० ला आल्यावर जास्त टोचते, कारण सगळी स्किलं एकदम समोर येतात आणि त्यातलं एकही हाताला ओळखीचं नसतं. नॉर्मलवर जाऊन दोन-तीन रिफ्ट (राक्षसांनी भरलेल्या खास जागा) कर, दर रिफ्टला एकच स्किल बदल, होईल सवय.

पुढचं कॅरेक्टर काढशील तेव्हा भावाला हाक मारायचीही गरज नाही. जेम ऑफ ईज नावाचं लेजेंडरी जेम आहे, ते ग्रेटर रिफ्ट (रिफ्टचा अवघड प्रकार) करून तिथे शेवटी भेटणाऱ्या उर्शीकडून २५ रँकला नेलं की ज्या हत्यारात बसवशील त्याची लेव्हलची अट १ होते. म्हणजे ७० चं हत्यार लेव्हल १ च्या पोराच्या कमरेला! वर नाशिकवाल्याला जे सांगितलं, हत्यारावरच सगळं, ते इथे सगळ्यात जास्त दिसतं, पहिल्या गावाबाहेर घंटा न वाजवताही राक्षस उडतात. शिवाय ७० नंतर मिळणारे पॅरागॉनचे पॉइंट अकाउंटभर एकच असल्याने तेही नवीन कॅरेक्टरला मिळतात. यात मजा आहे, कारण मारतो आपणच. दाराशी उभं राहण्यात नाही, हे माझं मत, भांडायचं असेल तर मेल करा.

"मी आणि माझा मुलगा स्विचवर एकत्र खेळतो, तो डेमन हंटर, मी मंक. तो लांबून बाण मारतो आणि मी पुढे जाऊन मरते. तो म्हणतो आई तू स्लो आहेस. मंक माझ्यासाठी नाही का?" (डोंबिवली)

काकू, तुमचा मेल ऑफिसमध्ये सगळ्यांनी वाचला. स्लो तुम्ही नाही, तो लांब उभा आहे म्हणून सगळे राक्षस तुमच्याच अंगावर येतात, म्हणजे मार तुम्ही खाताय आणि टिमकी तो वाजवतोय. त्यात दोघं खेळताना राक्षस एकट्यापेक्षा दणकट होतात हेही त्याला सांगा.

तुम्ही दोन गोष्टी करा. चिलखत निवडताना डेक्स्टेरिटी लिहिलंय का ते बघायचं, मंकचा डॅमेजही त्यानेच वाढतो आणि आर्मरही, बाकी स्ट्रेंग्थ-इंटेलिजन्सवाले कपडे कितीही छान दिसू देत, ठेवायचे नाहीत. चिलखताला खाच असेल तर हिरवा पाचू, त्यानेही डेक्स्टेरिटी मिळते. नवीन वस्तू उचलली की गेम बाण दाखवतो, हत्यार घेताना डॅमेजचा बाण हिरवा हवा, बाकी कपड्यांना टफनेसचा, म्हणजे मार सोसायच्या ताकदीचा. दुसरं म्हणजे ब्रेथ ऑफ हेवन घ्या, तुमचंही रक्त भरतं आणि जवळ असलेल्याचंही. जवळ असलेल्याचंच हं, लांब उभं राहून बाण मारणाऱ्याला काही मिळणार नाही, त्याने यावं आईजवळ. आणि स्विचवर उजवी काडी ढकलली की मंक कोलांटी मारून बाजूला होतो, जमिनीवर काही पेटलेलं, हिरवं विषारी दिसलं की आधी कोलांटी, मग मारामारी.

"हार्डकोअरमध्ये मंक लेव्हल करतोय, ५१ ला आहे. आमच्याकडे नेट मध्येच जातं. काही उपाय?" (सातारा)

पीसीवर नाही रे. पीसीचं डायाब्लो ३ नेटशिवाय चालतच नाही, आणि नेट गेलं म्हणून तुझा मंक लगेच गायब होत नाही, थोडा वेळ तिथेच पुतळ्यासारखा उभा असतो आणि राक्षसांना नेट लागत नाही. हार्डकोअरमध्ये मेला म्हणजे कायमचा. माझा ६४ चा गेला होता, पावसाळ्यात, आमच्या इथल्या केबलवाल्याने खांबावर काहीतरी केलं आणि बरोबर एलिटच्या घोळक्यात स्क्रीन थिजली. परत नेट आलं तेव्हा यादीत त्याचं नाव होतं आणि तो नव्हता. त्या माणसाशी मी अजून नीट बोलत नाही.

तरी कमी धोक्याने खेळायचं तर नॉर्मल सोडू नकोस, सेरेनिटी कायम एका बटणावर ठेव आणि लॅग जाणवला की आधी ते दाब, काही सेकंद काहीच लागत नाही, तेवढ्यात मागे पळ. ५८ ला निअर डेथ एक्स्पिरियन्स नावाचं पॅसिव्ह (बटण न दाबता चालणारं स्किल) उघडतं, जीवघेणा फटका बसला तर मरण्याऐवजी थोडं रक्त परत मिळतं, मिनिटातून एकदाच. तुला अजून सात लेव्हल काढायच्यात, त्या वीज आणि नेट दोन्ही शहाण्यासारखे वागतात अशा वेळेला काढ, आमच्याकडे ती सकाळी सहाला असते. कन्सोल असेल तर त्यावर ऑफलाइन चालतं, पण पीसीवरचं कॅरेक्टर तिकडे नेता येत नाही, नव्याने सुरू करावं लागेल.

"डायाब्लो ४ मध्ये मंक कुठाय?" (नागपूर, एवढाच मेल)

नाहीये. मूळ पाच वर्गांत नव्हता, २०२४ ला व्हेसल ऑफ हेट्रेडबरोबर स्पिरिटबॉर्न आला, तो हाताच्या चपळाईत थोडा मंकसारखा वाटतो पण घंटा नाही त्याच्याकडे. मोबाईलवरच्या इम्मॉर्टलमध्ये मात्र मंक आहे, २०२२ पासून.