वीस हजारांत टर्नटेबल आणि एफएम ट्यूनर, कोल्हापुरात: काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आजोबांच्या कपाटातून एलपींचा गठ्ठा आणि काही जड जुन्या तबकड्या निघाल्यात, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये त्या ऐकायच्यात, आकाशवाणी स्वच्छ लागली पाहिजे आणि वीस हजारांच्या वर जायचं नाही.

मॉडेलची नावं शोधायच्या आधी त्या तबकड्या हातात घेऊन बघा. जड, कडक, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, म्हणजे ती मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी. एलपी ३३⅓ फेऱ्यांची, हलकी, किंचित वाकणारी. दोन्हींच्या खाचा वेगळ्या. ७८ ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, एलपीची पिन तिच्या तळाशी घसरत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यामुळे नुसता ७८ चा वेग असून भागत नाही, पिनही वेगळी लागते. जुन्या मशीनवर १६ चा आकडाही दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा. (कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, तो मात्र १६⅔ फेऱ्यांच्या तबकडीवर. आपल्या कपाटात तसलं काही सापडत नाही.)

मुख्यतः एलपीच असतील तर नवीन ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स घ्या. बटण दाबलं की पिनवाला हात आपोआप तबकडीवर जातो, बाजू संपली की परत येतो. ३३ आणि ४५ एवढेच वेग, ७८ नाही. ब्लूटूथवालं महाग पडतं, साधं घ्या, ते तुमच्या पैशांत बसावं. त्याच कंपनीच्या एलपी१२० वर तिन्ही वेग आहेत आणि पिनही बदलता येते, पण ते तुमच्या बजेटच्या पार बाहेर.

ऑनलाइन स्वस्तात दिसणारी सुटकेसवाली मशीनं मात्र घेऊ नका. दिसायला गोड असतात, पण बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (पिन जिच्यात बसते ती डबी) असतं आणि ते पाच-सहा ग्रॅमचा भार तबकडीवर टाकतं. चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते साडेतीन ग्रॅमवर भागवतं. आजोबांनी जपलेल्या एलपी अशा मशीनखाली घालणं जिवावर येतं.

पिनकडून निघणारा सिग्नल असतो चार-पाच मिलिव्होल्टचा. तो वाढवायला आणि त्यातला खर्ज-टीप समतोल करायला फोनो प्रीअँप लागतो. एलपी६०एक्समध्ये तो आतच आहे, मागे त्याचा स्विच असतो. अँपच्या (म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरच्या) मागच्या 'फोनो' खाचेत वायर घातली तर तो स्विच 'फोनो'वर, 'ऑक्स'मध्ये घातली तर 'लाइन'वर. उलटं झालं की एकतर आवाज पिचका येतो नाहीतर फाटतो, आणि लोक मशीनला शिव्या घालतात.

जुनं घ्यायचं असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळतं, पण चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पिनची दांडी सरळ आहे का बघा. मग तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून मोबाइलवर वेळ लावा: तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे पडले पाहिजेत. कमी पडले तर बहुतेक वेळा बेल्ट सैल झालेला असतो, तो बदलता येतो. पण मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर जपून. कित्येक जुन्या मोटरी विजेच्या ६० हर्ट्झवर वेग धरतात. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे ३३ चे २८ होतात आणि लताबाई पुरुषी आवाजात गातात. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत.

आता रेडिओ. सुटा ट्यूनर घेऊच नका. लोक एचडीएमआय नाही म्हणून जुने स्टिरिओ आणि होम थिएटर रिसीव्हर मातीमोल भावात काढतात. त्यात अँप असतो, बहुतेकांत एफएम असतं, आणि मागे बघितलं तर कधीकधी फोनोही सापडतं. फक्त जपानच्या देशी बाजारातला जुना माल टाळा. त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आणि आपली आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर, खासगी टोमॅटो एफएम ९४.३ वर. म्हणजे डबा चकाचक आणि आवाज शून्य. शिवाय तो १०० व्होल्टचा.

खरखर येते म्हणून लगेच महागड्या ट्यूनरच्या मागे लागू नका. स्लॅबच्या आत रिसीव्हरमागे वीतभर वायर लोंबत असेल तर कुठलाही ट्यूनर खरखरणारच. साधा डायपोल करा: वायरचे दोन तुकडे, प्रत्येकी साधारण ७२ सेंटिमीटर, खिडकीजवळ आडवे ताणून, मध्यातून निघालेली वायर रिसीव्हरमागच्या अँटेनाच्या टोकांना. टोकं ७५ ओहमची असतील तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून ७५ ओहमची केबलच आणा. टोकांवर ३०० लिहिलं असेल तर त्याच्याकडे जुनी चपटी वायर मिळते का विचारा. लावल्यावर डायपोल हळूहळू फिरवून बघा, एका दिशेला आवाज एकदम मोकळा होतो. जवळच्या एलईडी बल्बचा ड्रायव्हरही गुरगुर आणतो, तो बंद करून खात्री करा.

एक धोक्याची सूचना: लाखेच्या तबकड्या स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं ठेवायचं.

७८ च्या किती आहेत ते मोजून कळवा. पाच-दहाच असतील तर त्यांच्यासाठी दुसरं मशीन घेऊ नका, ज्याच्याकडे चालू मशीन आहे त्याच्याकडून एकदा रेकॉर्डिंग करून घ्या.